नाताळच्या पत्रिकेत छापलेली माझी साक्ष

क्षय झालेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मी हे लिहिते आहे. गोड लिहायला मला जमणार नाही, कारण मला राग येतो. आजारपणाच्या आधीही यायचा, पण तेव्हा तो भाजीवाल्यावर आणि लिफ्ट अडवून ठेवणाऱ्यांवर निघायचा. आता त्याला चांगली कारणं मिळाली आहेत. कोणाला मन शांत करणारं काही हवं असेल तर त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं, माझी तक्रार नाही.

माझं नाव शालिनी साळवे. आम्ही भांडुपला राहतो. नवरा अविनाश कांजूरमार्गच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे, मुलगी करुणा त्या वर्षी नववीत होती. मी मुलुंडला एका चष्म्याच्या दुकानात कामाला होते. आम्ही मराठी ख्रिस्ती. अविनाशचे आजोबा नगरकडून मुंबईत आले. दर रविवारी आम्ही मुलुंडच्या आमच्या लहानशा मंडळीत जातो. मंडळी म्हणजे आमच्याकडे चर्च, आणि चर्चमधली माणसंही. अविनाश आणि मी तिथल्याच तरुण संघात भेटलो, त्यामुळे आमचं भांडण झालं की ते सगळ्या मंडळीला कळतं.

फुप्फुस माझं, बातमी त्याला

खोकला मे महिन्यात सुरू झाला. आधी केमिस्टकडचं सिरप, मग नाक्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्या, त्या बदलून दुसऱ्या, त्या बदलून तिसऱ्या. दुकानात गिऱ्हाइकाच्या कानामागे फ्रेमची दांडी बसवताना खोकला आला की मी तोंड फिरवायची. वजन उतरलं तेव्हा ओळखीच्या बायका म्हणाल्या, बारीक झालीस, छान दिसतेस, काय करतेस? मलाही बरं वाटलं, एवढी मी शहाणी. ऑगस्टमध्ये बेडक्यात रक्ताचा धागा दिसला, तेव्हा कुठे एक्सरे काढला आणि बेडका तपासायला दिला.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी मला विचारलं, "मिस्टर आलेत का?" अविनाश खाली स्कूटर लावत होता. तो येईपर्यंत त्यांनी मला एक अक्षर सांगितलं नाही, मोबाइल बघत बसले. तो आला, घाम पुसून खुर्चीवर बसला, मग त्यांनी त्याला सांगितलं की मिसेसना टीबी आहे, आणि साधा नाही, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आहे. मी दोघांच्या मध्ये बसले होते. फुप्फुस माझं होतं.

"घाबरायचं नाही, हल्ली बरा होतो," डॉक्टर म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनी स्वतःची खुर्ची थोडी मागे घेतली.

"औषधं किती दिवस?" मी विचारलं.

"वर्ष, दीड वर्ष धरून चाला," त्यांनी अविनाशला सांगितलं.

घरी आल्यावर अविनाशने पंखा लावला. मग म्हणाला, "शालन, आत्ता कोणाला सांगायला नको. मंडळीत प्रार्थनेसाठी नाव देऊ, पण नुसतं छातीचा त्रास म्हणून."

"देवाला पण छातीचा त्रासच सांगणार आहेस का?"

तो हसला नाही. मीही विनोद म्हणून बोलले नव्हते. आमच्या घरातली लपवालपवी त्या दिवशी सुरू झाली, आणि त्यात मीही होते. दुकानात मी आठवडाभर ताप आहे असंच कळवलं. खरं कळलं तेव्हा शेठ फोनवर "आराम करो, बेन" म्हणाले आणि पुढच्या सोमवारी माझ्या काउंटरवर दुसरी मुलगी उभी होती.

कावळे आणि अंडी

पहिले पाच आठवडे मी सरकारी क्षयरोग रुग्णालयात होते. क्षयाच्या वॉर्डात खिडक्या सदा उघड्या ठेवतात, हवा खेळती हवी म्हणून. त्यामुळे कावळे आत येतात. सकाळी दूध आणि उकडलेलं अंडं मिळायचं. अंडं सोलून ताटात ठेवलं आणि गोळ्या घ्यायला मान वर केली की अंडं गेलंच. नवीन आलेल्या बाईला जुन्या बायका पहिली गोष्ट हीच शिकवायच्या, अंडं हातात धरून गोळ्या घे.

गोळ्यांनी तोंडाला धातूची चव यायची, पावलांना मुंग्या यायच्या आणि हळूहळू अंगाचा रंग काळवंडला. आरशात बघून मी रडले, मग रडल्याचा राग आला. भेटायला येणारे मोजके नातेवाईक गेटवरून हात करायचे. मंडळीतल्या दोन बायकांना खरं कुठून तरी कळलं होतं, त्या मात्र आत आल्या, त्यांचं कौतुक करायला हवं. त्यांनी मोसंबी आणली, प्रार्थना केली, आणि निघताना त्यातली एक कानाशी वाकून म्हणाली, "शालिनी, काही पाप कबूल करायचं राहिलंय का, तेवढं बघ हं." मी तिला म्हटलं, "राहिलंय. आत्ता मनात आलं तेच." ती पुन्हा आली नाही.

शेजारच्या खाटेवर कविता होती. चोवीस वर्षांची, घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतली. पहिल्या सकाळी मी सवयीने तिला "सलाम" म्हटलं.

"तुम्ही मुसलमान काय, ताई?"

"नाही गं, ख्रिस्ती. आमच्या नगरकडच्या लोकांत सलामच म्हणतात."

"आमच्यात जय भीम. चला, म्हणजे दोघींना पण कोणी नमस्कार करायला नको."

कविताला गल्लीतल्या एका डॉक्टरने आठ महिने नुसती इंजेक्शनं दिली होती. एकदाही बेडका तपासला नव्हता. ती रुग्णालयात आली तेव्हा तिचं एक फुप्फुस जवळजवळ संपलं होतं. दोन वर्षांचा मुलगा सासूकडे होता. तिला तो फोनवर दिसायचा, आणि दिसला की ती मास्क काढून पटकन हसून दाखवायची, त्याने तोंड विसरू नये म्हणून. नवरा गेटपर्यंत यायचा, डबा वॉचमनकडे द्यायचा आणि जायचा.

एका दुपारी तिने विचारलं, "तुमच्या नाताळात काय असतं, ताई?" मी सगळं सांगितलं. दाराबाहेर लावायचा चांदणीचा कंदील, करंज्या, केक, घरोघरी गाणी म्हणत फिरणारी आमची माणसं, बेथलेहेम, गोठा, मेंढपाळ, ज्ञानी लोक. ती मन लावून ऐकत होती. त्या भरात मी हेरोद राजाचंही सांगून गेले. नवा राजा जन्मला म्हणून घाबरून त्याने त्या गावातली दोन वर्षांच्या आतली सगळी मुलं मारली, आणि मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन आधीच मिसरात, म्हणजे इजिप्तला, निघून गेले, ते.

"म्हणजे यांचं बाळ वाचलं," कविता म्हणाली. "आणि बाकीच्यांची मेली?"

"हो."

"मग त्या बायांनी कुठला नाताळ करायचा?"

मी बेचाळीस वर्षं नाताळ करत आले होते. लहानपणी देवदूत झाले, मोठेपणी रविवार शाळेची नाटकं बसवली. आमच्या नाटकात हेरोद असतो, त्याला खोटी दाढी असते, मुलं त्याला हसतात. मारलेली बाळं आणि त्यांच्या आया आम्ही कधीच घेतल्या नव्हत्या. मला उत्तर आलं नाही आणि मी तिला तसं सांगितलं.

मी घरी आल्यावर दोन आठवड्यांनी कविता गेली. मला कोणी कळवलं नाही. ऑक्टोबरच्या तपासणीला गेले, वॉर्डात डोकावले, तर तिच्या खाटेवर दुसरीच बाई अंडं हातात धरून बसली होती. सिस्टर म्हणाल्या, "गेली ती, गुरुवारी." मी जिन्यात बसून शिव्या दिल्या. गल्लीतल्या त्या डॉक्टरला दिल्या, तिच्या नवऱ्याला दिल्या, आणि शेवटी देवालाही दिल्या. मी श्रद्धाळू बाई आहे आणि मी देवाला शिव्या दिल्या, हे इथे लिहून ठेवते.

स्लाइड निगेटिव्ह

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरच झाला. बेडक्याची तपासणी दोन तऱ्हेने करतात. एक स्लाइड. काचेवर बेडका पसरून मायक्रोस्कोपखाली बघतात, दोन दिवसांत कळतं. दुसरी कल्चर. त्यात जंतू वाढतात का ते बघतात, त्याला सहा-सात आठवडे लागतात. स्लाइड निगेटिव्ह आली म्हणजे जंतू कमी झाले, दिसले नाहीत. संपले की नाही ते कल्चर सांगतं.

आमच्या वस्तीच्या आरोग्यसेविका शिंदेताई घरी येऊन माझ्या गोळ्यांवर लक्ष ठेवायच्या. भांडकुदळ बाई, म्हणून आमचं जमलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्या दारातूनच ओरडल्या, "साळवेबाई, स्लाइड निगेटिव्ह. पण नाचू नका, कल्चर यायचंय. मास्क चालू ठेवायचा, गर्दीत जायचं नाही."

हे अविनाशने ऐकलं. तो माझ्या शेजारी उभा होता. पुढच्या बुधवारी मंडळीची प्रार्थनासभा होती आणि तिथे तो उठून म्हणाला की शालिनीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, देवाने तिला बरं केलं. बायका रडल्या, टाळ्या वाजल्या. छातीचा त्रास म्हणजे टीबी होता हेही त्याने तेव्हाच सगळ्यांना सांगितलं. आजार गेला म्हटल्यावर त्याचं नाव घ्यायला त्याला भीती वाटली नाही.

मला हे फोनवरच्या अभिनंदनांनी कळलं.

"तू कल्चरचं का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"अगं, येईल ना ते पण निगेटिव्ह. थोडा विश्वास ठेव ना."

"येईल तेव्हा सांगायचं होतंस."

"तीन महिने मी लोकांना काय सांगायचं, शालन? रोज विचारतात. एक चांगली गोष्ट आली हातात, बोलून गेलो."

मी त्याच्यावर चिडले, पण फोन करून कोणाला खरं सांगितलं नाही. लोक किती महिन्यांनी मला हसून बोलत होते. मलाही ते हवंच होतं. शिंदेताईंनी डिसेंबरच्या सुरुवातीला अविनाश आणि करुणा दोघांना पुन्हा एक्सरेला बोलावलं, घरातल्यांना बोलावतात तसं. माझं निदान झालं तेव्हा दोघांचेही स्वच्छ आले होते. अविनाश म्हणाला, "आता कशाला? नाताळ झाल्यावर बघू." मी वाद घातला नाही. मला वाद घालायला येत नाही असं कोणीच म्हणणार नाही, पण तेव्हा मी घातला नाही.

जंतू पत्रिका वाचत नाहीत

आमच्याकडे साक्ष देण्याची पद्धत आहे. देवाने आपल्या आयुष्यात काही केलं असं वाटलं की मंडळीपुढे उभं राहायचं आणि सांगायचं. नोकरी लागली, मूल झालं, दारू सुटली. नाताळच्या उपासनेत वर्षातली सगळ्यात मोठी साक्ष ठेवतात आणि ती छापील पत्रिकेत येते, गाणी आणि शास्त्रपाठ यांच्या ओळीत.

नाताळच्या तीन दिवस आधी दुपारी शिंदेताई आल्या. या वेळी दारातून ओरडल्या नाहीत, आत येऊन बसल्या. "कल्चर पॉझिटिव्ह आलंय," त्या म्हणाल्या. "घाबरायचं नाही, कमी झालेत, औषध लागू पडतंय. पण आहेत अजून. बंद हॉलमध्ये, पोराबाळांत जायचं नाही."

त्याच संध्याकाळी आमच्या मंडळीचे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, पत्रिका घेऊन आले. पिवळसर कागद, वर सोनेरी चांदणी, आणि पाचव्या ओळीत छापलेलं, आरोग्यदानाची साक्ष, सौ. शालिनी अविनाश साळवे. मी त्यांना खिडकीजवळ बसवलं, मास्क लावला आणि रिपोर्ट त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "ताई, आपण विश्वासाने बोलतो. आधी बोलतो, मग देव ते घडवतो. देवाच्या दृष्टीने तुम्ही बऱ्या झालेल्याच आहात."

"पाळकसाहेब, जंतू पत्रिका वाचत नाहीत."

अविनाश म्हणाला, "शालन, पाच मिनिटांचा प्रश्न आहे. मास्क लाव. लांब उभी राहा. नुसतं म्हण की देवाने सांभाळलं. खोटं थोडंच आहे ते?"

"आणि पुढे? खाली उतरल्यावर सगळ्या बायका मिठ्या मारणार. पोरं येऊन बिलगणार. त्यांना काय सांगू, लांब व्हा, मी बरी झालेय?"

पाळकसाहेबांनी पत्रिकेची घडी घातली. चांगला माणूस आहे तो, म्हणून जास्त राग येत होता. "या वर्षी मी किती दफनं केली, तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "दर रविवारी समोर थकलेली तोंडं दिसतात. नाताळला तरी त्यांना आनंदाची एक गोष्ट ऐकू द्या. तुमच्याशिवाय माझ्याकडे दुसरी नाही."

"माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती," मी म्हटलं. "ती मेली. देवाने मला निवडून बरं केलं असं मी म्हटलं, तर तिला त्याने निवडून मारलं असं होतं. ते मी कुठल्या तोंडाने म्हणू?"

पाळकसाहेब उठले. जाताना पाळकसाहेब म्हणाले, "मग मी तुम्हाला थंडी भरली आहे असं जाहीर करतो, आणि पुढचं गाणं घेतो." अविनाशने मान हलवली. त्यांचं ठरलं. थंडी भरली म्हणून शालिनी आली नाही, एवढं एक आणखी खोटं, की नाताळ व्यवस्थित पार पडणार होता. करुणा आतल्या खोलीच्या दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं तर ती आत गेली.

बाजूच्या दारात

मी गेले. रिक्षाने एकटी गेले, मागून. अविनाश आणि करुणा सकाळीच निघाले होते, तिला गायनवृंदात उभं राहायचं होतं. आमच्या देवळाला, चर्चलाही आम्ही देऊळच म्हणतो, बाजूने एक दार आहे, ते आवारात उघडतं. मी मास्क लावून त्या दाराबाहेर, उघड्यावर उभी राहिले. आत चांदण्यांच्या माळा होत्या, पांढऱ्या कपड्यांतली मुलं होती, नव्या साड्यांचा वास होता. चौथं गाणं संपलं आणि पाळकसाहेब म्हणाले, "यानंतर साक्ष होती, पण आपल्या शालिनीताईंना आज..."

"मी आहे इथे," मी म्हटलं.

माझा आवाज पहिल्यापासून मोठा. सगळी तोंडं वळली. कोणीतरी माइक घेऊन यायला निघालं, त्याला मी हातानेच थांबवलं.

जे बोलले ते पाठ केलेलं नव्हतं, जमेल तसं देते. मी म्हटलं, पत्रिकेत छापलंय ते चूक आहे. मी बरी झालेली नाही. माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, म्हणून मी दारात उभी आहे आणि कोणी माझ्याजवळ येऊ नका. तुम्ही प्रार्थना केल्यात, त्याबद्दल आभार. पण मला खूप राग आला आहे. माझी एक मैत्रीण मेली, तिचं मूल दोन वर्षांचं आहे. हेरोदाने मारलेल्या बाळांच्या आयांनी कुठला नाताळ करायचा, असं तिने मला विचारलं होतं आणि मला अजून सांगता येत नाही. मला आज आनंद झालेला नाही. आनंद झाला असं सांगायला मी आले नाही. देवाला हे सगळं माहीत आहे, मग त्याच्याच घरात आपण का लपवतो? दोन आठवड्यांच्या वर कोणाला खोकला असेल तर तपासून घ्या. क्षय लपवू नका. मी लपवला, आम्ही घरात सगळ्यांनी लपवला. एवढंच.

कोणी आमेन म्हटलं नाही. दाराजवळच्या बाकावरच्या दोन बायका उठून पलीकडे जाऊन बसल्या. पुढच्या रांगेत अविनाश मान खाली घालून बसला होता, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला इतक्या लांबून दिसत होत्या. पाळकसाहेबांनी पुढच्या गाण्याचा क्रमांक सांगितला. मी मागे वळून आवारातल्या भिंतीशी जाऊन उभी राहिले.

गाणं सुरू झालं आणि बाजूच्या दारातून करुणा बाहेर आली. पांढरा ड्रेस, हातात गाण्यांची वही.

मी तिच्यावर खेकसले. "गाणं सोडून कुठे आलीस? आत जा."

"आई, मला एक मास्क दे."

"तुला कशाला?"

"तीन आठवडे झाले," ती म्हणाली. "खोकला. मी उशीत तोंड खुपसून खोकते, तुला ऐकू जाऊ नये म्हणून."

मी पर्समधून मास्क काढून दिला. "सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? सगळे म्हणत होते, देवाने आपल्या घरातून आजार काढला. मी खोकले असते तर बाबा खोटे पडले असते. आणि तू परत... तू नुकतीच हसायला लागली होतीस ना."

जे वाटलं ते

तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मग माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. तो जंतू माझ्या छातीतून तिच्या छातीत गेला असणार, आणि एक्सरेची तारीख आली तेव्हा मी गप्प बसले होते. पोरीने तीन आठवडे उशीत तोंड घालून खोकावं, आणि कशासाठी, तर आमची आनंदाची बातमी टिकावी म्हणून. असल्या आनंदाला आग लागो, असं मी आवारात उभी राहून मोठ्याने म्हणाले.

आणि त्याच वेळी मला आनंद झाला. हे लिहायला मला लाज वाटत नाही. मुलीला बहुतेक क्षय आहे हे कळलं त्या मिनिटाला मला आनंद झाला, महिनोनमहिने झाला नव्हता एवढा. ती माझ्यासमोर उभी होती, खरं बोलत होती, आणि उशीर झालेला नव्हता. कविताला आठ महिने कोणी विचारलं नव्हतं. माझ्या पोरीला तीनच आठवडे झाले होते. मी थंडी भरली म्हणून घरी पडून राहिले असते, तर ती आणखी किती दिवस उशीत खोकत राहिली असती याचा विचार केला की अजून मी रात्री उठून तिच्या दाराला कान लावते.

आत अजून गाणं चालू होतं. येशू जन्मला म्हणून हेरोद काही मेला नव्हता, तो तिथेच राज्य करत होता, हे मला पहिल्यांदाच नीट कळलं. देवाने सगळं ठीकठाक करून, साफसफाई करून मग मुलगा पाठवला नाही. ज्या घाणीत माणसं होती तिथे त्याला टाकलं, आणि ती बातमी आधी सांगितली मेंढपाळांना, ज्यांच्या अंगाला वास येतो म्हणून कोणी जवळ उभं करत नसेल. कविताच्या प्रश्नाचं हे उत्तर नाही. तो प्रश्न मी देवासमोर रोज ठेवते, अजून रागानेच ठेवते. पण आवारात भिंतीशी, मास्क लावलेल्या माझ्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून मी रडत होते आणि हसत होते, आणि येशू आमच्या बाजूला बाहेरच उभा आहे असं मला वाटलं. मला तसं सहजासहजी वाटत नाही.

एक म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या. त्यांनी केकचे दोन तुकडे आणि करंज्या कागदी बशीत घालून कठड्यावर ठेवल्या, चार पावलं मागे गेल्या आणि "सलाम, बाई" म्हणाल्या. आम्ही दोघींनी तिकडे पाठ करून, मास्क खाली करून सगळं खाल्लं. करुणाने बशीतला चुरासुद्धा ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी

वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको म्हणून आधीच सांगते. करुणाला क्षयच निघाला, छातीत एका बाजूला लहानसा डाग. लवकर सापडला. ती आज दहावीत आहे, गोळ्या घेते आणि अभ्यासावरून माझ्याशी भांडते. माझी त्यानंतरची कल्चर निगेटिव्ह येत गेली, औषधं अजून संपायची आहेत. मंडळीतली काही माणसं आमच्याशी बोलत नाहीत. पाळकसाहेब बोलतात, जरा जपून बोलतात.

पण नाताळच्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं. घरी आल्यावर मी अविनाशला करुणाचं सांगितलं. तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. जेवलाही नाही. मीही त्याला समजवायला गेले नाही, माझ्यात तेवढी माया त्या दिवशी उरली नव्हती.

सकाळी मी आणि करुणा आरोग्य केंद्रात गेलो. शिंदेताईंनी झाकणाची छोटी डबी दिली आणि मागच्या अंगणात पाठवलं. करुणाला बेडका काढता येईना, नुसती थुंकी येत होती. मी तिला शिकवलं. खोल श्वास घे, थोडा धर, सोड. पुन्हा घे. आता पोटातून खोक, लाजू नकोस, इथे आवाज काढायलाच आलोय. ती खोकली. सगळ्या अंगणात ऐकू जाईल एवढ्या जोराने खोकली, आणि डबीत बघून म्हणाली, "ई, आई," आणि हसली.

आत आलो तेव्हा टेबलापाशी अविनाश उभा होता. कारखान्याच्या गणवेशात, हातात डबा, पहिली पाळी चुकवून आलेला. आमच्याकडे न बघता तो शिंदेताईंशी बोलत होता.

"तेव्हा बोलावलं होतं, आलो नाही," तो म्हणाला. "आणि मुलीलाही आणलं नाही. माझंही नाव लिहा, एक्सरेला."

शिंदेताईंनी रजिस्टर पुढे ओढलं आणि त्यातला ठरलेला प्रश्न विचारला. "घरात कोणाला टीबी आहे?"

केंद्रात पंधरा-वीस माणसं बसली होती. त्यातली दोघं आमच्याच इमारतीतली.

"बायकोला," अविनाश म्हणाला, नेहमीच्या आवाजात. मग तो आमच्याकडे वळला, करुणाच्या हातातली डबी त्याने घेतली आणि टेबलावर ठेवली. "आणि ही माझी मुलगी. हिचंही नाव लिहून घ्या."